गरुडाची नजर आणि फक्कीची रेघ

८ जून १९१२, शनिवार

ही वही मला एंटविसलसाहेबांनी दिली. साहेब आमच्या ब्रॅकनशॉ फुटबॉल क्लबचे अध्यक्ष, आणि गावात त्यांची वजडीची तीन दुकानं. फुटबॉलमधलं त्यांना ओ की ठो कळत नाही, पण मॅच चालू असताना सगळ्यांत मोठ्याने तेच बोलतात. वहीच्या पुठ्ठ्यावर माझंच चित्र आहे. लाल स्वेटर, डोक्यावर टोपी, हातात बॉल, आणि खाली ठळक अक्षरांत: 'एनॉक टॅटरसॉलची गरुडाची नजर! रोज खा एंटविसलची वजडी!' गावातल्या प्रत्येक भिंतीवर हेच चित्र चिकटवलेलं आहे. मला वजडीचा वाससुद्धा सहन होत नाही. हे बाहेर बोलायची बंदी आहे, म्हणून इथे लिहून ठेवतो.

साहेब म्हणाले, "एनॉक, मोठी माणसं दैनंदिनी लिहितात." मग लिहायला हवी.

आज लिहिण्यासारखं घडलंही आहे. सकाळी एडाने पेपर वाचून दाखवला. हल्ली छापखानेवाले शाईत पाणी घालतात, अक्षरं इतकी पुसट येतात की वाचण्यात अर्थ नाही. मी तक्रार करणार होतो, पण ती म्हणाली, "राहू दे, मी वाचत जाईन." तर बातमी अशी की लंडनच्या शहाण्यांनी कायदा बदलला. आजवर गोलकीपरला मैदानाच्या आपल्या निम्म्या भागात कुठेही बॉल हातात घेता यायचा. सप्टेंबरपासून फक्त गोलपुढच्या चौकोनात. चौकोनाबाहेर हात लावला की समोरच्याला फ्री किक.

म्हणजे कायदा माझ्यासाठीच केला, हे उघड आहे. नऊ वर्षं मी दोन पावलं आणि एक टप्पा असं करत बॉल थेट मधल्या रेघेपर्यंत नेतोय. एवढ्या पुढे जाणारा दुसरा गोलकीपर माझ्या बघण्यात नाही. आठव्या हेन्री राजाने बायकांपायी देशाचे कायदे बदलले. माझ्यापायी लंडनने बदलले. आमच्या खाणकामगारांच्या घराण्यात असा मान आजवर कुणाला मिळालेला नाही.

लोक विचारतात, गोल सोडून इतका पुढे का जातोस? साधी गोष्ट आहे. बॉल लांब असताना त्यात काही राम नसतो, नुसतं काहीतरी करडं हलत असतं. जवळ गेलं की तो बॉलसारखा दिसतो. सगळ्यांना असंच दिसत असणार. फक्त बाकीच्यांच्यात पुढे जायची छाती नाही.

११ जून, मंगळवार

लंडनला पत्र लिहिलं. सहा कागद लागले. एडा म्हणाली, "एका ओळीत तीनच शब्द? भिंतीवर पाटी रंगवतोयस का?" मी म्हटलं, मोठ्या माणसांना मोठ्या अक्षरांत लिहावं. तिने पत्ता मात्र स्वतः लिहिला.

२ जुलै, मंगळवार

लंडनचं उत्तर आलं. एडाने वाचलं: "आपलं पत्र मिळालं." बास, एवढंच. पण छापील कागदावर आहे. याचा अर्थ त्यांना उत्तर सुचलेलं नाही. चांगली खूण आहे.

१४ जुलै, रविवार

एंटविसलसाहेब चॅपेलबाहेर भेटले. म्हणाले, "नवा कायदा तुला झेपतो का, ते कपच्या पहिल्या मॅचपर्यंत बघू. नाही झेपला तर ओरमरॉडला उभा करू. मी असा आहे, एनॉक. तोंडावर बोलतो." कपची पहिली मॅच जानेवारीत. विल्फ ओरमरॉड आमचा राखीव गोलकीपर, वय चोवीस, अंगाने काठी. बोलायला गोड आहे. गोड बोलणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

घरी येऊन एडाला सांगितलं. ती बटाटे सोलत होती, तिचा हात थांबला. तिचा बाप खाणीत मेला, माझा थोरला भाऊही खाणीतच मेला. मी बाराव्या वर्षी खाली उतरलो आणि अठ्ठाविसाव्या वर्षी फुटबॉलने मला वर काढलं. मला सदतिसाव्या वर्षी दुसरं काय येतं? गोल सुटला की खाण, हे आम्ही दोघंही जाणतो.

मग एडाने एकदम वेगळाच विषय काढला. तिला म्हणे सुई ओवताना त्रास होतो, चष्मेवाल्याकडे जायचंय, मी सोबत येऊ का? बिचारीचे डोळे गेलेले दिसतात. मी म्हटलं, येतो.

१७ जुलै, बुधवार

चष्मेवाल्याकडे विचित्रच प्रकार झाला. एडाने भिंतीवरच्या तक्त्यातली शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचली. मला कळेना, तिथे तक्ता होता कुठे! चष्मेवाला मला म्हणाला, "आलाच आहात तर तुम्हीही बसा." मी म्हटलं, "साहेब, माझी नजर गावाच्या भिंतीभिंतीवर लावलेली आहे." तो एडाकडे बघत राहिला आणि ती खिडकीबाहेर. येताना ती मान खाली घालून चालत होती. डोळे ठणठणीत निघाले तर बाईमाणसाने आनंदी व्हायला हवं.

२२ ऑगस्ट, गुरुवार

सराव सुरू झाला. आमचा ट्रेनर जेबेझ, वय सत्तरच्या आसपास, अंगाला सतत मालिशच्या तेलाचा वास. चौकोनाची सवय व्हावी म्हणून त्याने मला दिवसभर रेघेपर्यंत पळवलं आणि मागे आणलं. फक्कीची रेघ त्याने इतकी फिकी मारलीय की असून नसून सारखीच. मी तसं सांगितलं.

"फिकी?" जेबेझ म्हणाला. "लेका, अर्धं पोतं ओतलंय."

"मग फक्की भेसळीची असेल."

त्याने बराच वेळ पाइप ओढला. मग म्हणाला, "असेल बाबा. बघतो काहीतरी."

७ सप्टेंबर, शनिवार

मोसमाची पहिली मॅच, आमच्याच मैदानावर. जिंकलो, दोन-एक. चौकोनाबाहेर मी एकदाही बॉलला हात लावला नाही. कायदा केला त्यांनी आणि पाळून दाखवला मी.

दोन तक्रारी मात्र नोंदवून ठेवतो. पहिली जेबेझची. म्हातारा आता थकला. भुसा टाकायचा असतो गोलच्या तोंडाशी, जिथे चिखल होतो. याने टाकला चौकोनाच्या रेघेवर, चांगला घोट्याइतका जाड ढीग, तिन्ही बाजूंनी. पुढे धावलं की बूट भुशात रुततात आणि आपोआप थांबावं लागतं. मी त्याला बोललो नाही. वय झालेल्या माणसाला चारचौघांत चूक दाखवू नये.

दुसरी तक्रार गोलमागच्या मंडळींची. ही दहा-पंधरा टाळकी नऊ वर्षं माझ्या पाठीमागे उभी असतात. हाफटाइमला बाजू बदलली की तीही मैदानाला वळसा घालून दुसऱ्या गोलमागे येतात. त्यांचा म्होरक्या नॅट नावाचा कुणी कोळशाच्या गाडीवरचा माणूस आहे. आवाज गिरणीच्या भोंग्याचा, त्यावरून माणूस रेड्याएवढा असणार. सगळा वेळ त्यांचा एकच गोंधळ: "एनॉक, डावीकडे! आला, आला! वरून येतोय, लेका, वरून!" जसं काही त्यांच्यावाचून माझं अडतंय. आज मी वैतागून मागे वळलो आणि ओरडलो, "दिसतंय मला! आंधळा नाहीये मी!"

मग नॅट म्हणाला, "बरं बाबा. पण उजवीकडे."

बॉल उजवीकडूनच आला. मी अडवला. योगायोगाने कधीकधी मूर्खही बरोबर बोलतात.

१५ सप्टेंबर, रविवार

चॅपेलहून येताना पाद्रीबाई कोपऱ्यावर उभ्या होत्या. मी टोपी काढून अदबीने नमस्कार केला. बाई ढिम्म. गेल्या रविवारीही तसंच. एडा म्हणते तो पाण्याचा पंप आहे. बायका एकमेकींबद्दल किती वाईट बोलतात!

५ ऑक्टोबर, शनिवार

परगावची मॅच. हरलो, चार-शून्य. स्पष्टच लिहितो: कट होता. त्यांच्या मैदानावर फक्कीची रेघच नव्हती. बाकी सगळे म्हणतात होती. भुसाही नव्हता. मी तीनदा बॉल घेऊन पुढे गेलो, तीनदा शिट्टी वाजली. तिसऱ्या वेळी पंच म्हणाला, "टॅटरसॉल, तुम्ही चौकोनापासून वीस पावलं पुढे आहात. घरी निघालात का?" त्यांचे प्रेक्षक पोट धरून हसले. परगावी नॅटची मंडळी येत नाहीत, त्यामुळे मागे शांतता होती. शांततेची सवय नसल्याने लक्ष विचलित होतं, हे मी जेबेझला समजावून सांगितलं. तो मान हलवत राहिला.

परतीच्या गाडीत ओरमरॉड शेजारी येऊन बसला. आपल्या डब्यातला मटणाचा पॅटिस मला अर्धा दिला. म्हणाला, "दादा, असा दिवस कुणाचाही येतो."

मी तो खाल्ला, पण सावध राहून.

७ ऑक्टोबर, सोमवार

एडाने पेपर वाचला: "हार झाली तरी टॅटरसॉलची धडाडी पाहून परगावचे प्रेक्षक थक्क झाले." या वार्ताहराला खेळ कळतो.

१६ नोव्हेंबर, शनिवार

परगावी पुन्हा हरलो. घरच्या मैदानावर सगळ्या जिंकतोय. यावरून आमच्या गावची हवा चांगली आहे असं एंटविसलसाहेबांनी भाषणात सांगितलं. हवा आणि वजडी.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

न्हाव्याकडे गेलो होतो. तोंडाला साबण लावून मी बसलेला, आणि न्हावी दुसऱ्या गिऱ्हाइकाला पेपर वाचून दाखवत होता. खुर्चीत कोण आहे हे विसरला असावा. "ब्रॅकनशॉच्या गोलकीपरला कुणी कंदील द्या. बॉल कुठे आहे हे मैदानावरच्या बाविसांपैकी एकवीस जणांना माहीत होतं."

याच मॅचबद्दल एडाने काल वाचलं होतं, "टॅटरसॉल वाघासारखा लढला." तोच पेपर, तोच वार.

घरी येऊन मी विचारलं, "एडा, वाघ कुठे लिहिलाय, मला दाखव."

तिने पेपर समोर धरला आणि एका जागी बोट ठेवलं. शाई नेहमीसारखीच पाणचट. मी बराच वेळ बघितलं. मग म्हटलं, "हो, आहे खरा."

न्हाव्याच्या बायकोचं माहेर परगावचं आहे. द्वेषाने वाचत असणार. तरी मनात खुटखुट राहिली ती राहिलीच. मी 'आहे' का म्हणालो, ते मला कळलेलं नाही.

२८ डिसेंबर, शनिवार

एंटविसलसाहेबांनी बोलावलं. टेबलावर माझी हजार नवी पोस्टरं, आणि शेजारी वजडीची बशी, कांदा आणि व्हिनेगर घातलेली. साहेब म्हणाले, "खा. आणि ऐक. कपची मॅच अकरा तारखेला. समोरचा संघ आपल्याहून दोन पायऱ्या वरचा. हरायचं असेल तर हर, पण हसं होऊ देऊ नकोस. पुन्हा एकदा वीस पावलं बाहेर सापडलास तर गोलमध्ये ओरमरॉड आणि तू मोकळा. मी असा आहे."

मोकळा म्हणजे खाणीत. मी वजडी खाल्ली. सगळी.

एडाला सांगितल्यावर तिने माझा हात धरला आणि सोडलाच नाही. मला म्हणाली, "एनॉक, मला भीती वाटते." लग्नाला चौदा वर्षं झाली, तिच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मला पण वाटते. हे ती झोपल्यावर इथे लिहितोय.

११ जानेवारी १९१३, शनिवार

जिंकलो! दोन-शून्य! घाईत लिहितोय, बाहेर अजून लोक माझ्या नावाने ओरडताहेत, एडा चहा करतेय.

दिवस सुरुवातीपासूनच चमत्कारिक होता. मैदानावर निघालो तर सगळे कुजबुजत होते, मॅच होणार की नाही. पंच मधोमध उभे राहून एका गोलकडे बघत, मग दुसऱ्या गोलकडे बघत होते म्हणे. कशासाठी ते मला कळलं नाही. शेवटी म्हणाले, खेळू.

आणि गोलमागे चिडीचूप. नऊ वर्षांत पहिल्यांदा. मी वळून म्हटलं, "काय नॅट, घसा बसला का?"

"एनॉक," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज रडवेला होता, "आज आम्हाला काही दिसत नाहीये रे."

मूर्खच. पण मग मलाच एकटं वाटायला लागलं. पाठीमागे आवाज नाही म्हणजे घरात घड्याळ बंद पडल्यासारखं. तेव्हा मी खाणीतलं केलं. खाणीत दिवा विझला की म्हातारे सांगायचे, हलू नको, ऐक. छत बोलतं, लाकूड बोलतं, कुठून काय येतंय ते कान सांगतो. मी रेघेजवळ भुशात बूट रोवून उभा राहिलो आणि ऐकलं. चिखलातून येणारे बूट ऐकू येतात. माणूस लाथ मारायच्या आधी श्वास रोखतो, तेही येतं. ओला बॉल सुटला की दारावर खांदा आपटावा तसा आवाज होतो, डावीकडून की उजवीकडून ते स्पष्ट कळतं. मी गेलो तिथे बॉल होता. प्रत्येक वेळी. एकदा एकाच्या पायातून काढला, तो बिचारा किंचाळलाच, "हा आला कुठून?"

त्यांचा गोलकीपर आंतरराष्ट्रीय खेळलेला. त्याने दोन साधे गोल खाल्ले. नुसता खांबाला धरून इकडेतिकडे मान फिरवत होता म्हणे. कसले हे आंतरराष्ट्रीय!

मॅच संपल्यावर मला खांद्यावर घेतलं. कपडे बदलायच्या खोलीत ओरमरॉडने विचारलं, "दादा, या धुक्यात तुम्हाला दिसलं कसं?"

मी म्हटलं, "कुठलं धुकं?"

खोलीतले सगळे माझ्याकडे वळले. जेबेझच्या हातून तेलाची बाटली पडून फुटली. जळतात, दुसरं काय.

त्याच संध्याकाळी

चहा झाला. पुढचं लिहायचं की नाही याचा विचार करत होतो. लिहितो.

मी एडाला ती धुक्याची गंमत सांगितली. ती हसेल असं वाटलं होतं. तिने कप खाली ठेवला.

"एनॉक, आज दुपारी दोनला गावात दिवे लावले होते. मी मैदानाकडे येताना भिंतीला हात लावत लावत आले. हातभर अंतरावरचा माणूस दिसत नव्हता."

"मला तर रोजच्यासारखंच दिसत होतं."

"तेच म्हणतेय मी," एडा म्हणाली.

मग ती टेबलावर डोकं ठेवून रडली. मी तिच्या केसांवर हात ठेवून बसलो. डोक्यात एकेक गोष्ट जागेवर जात होती. तक्ता. पंप. वाघ.

"कुणाकुणाला माहीत आहे?" मी विचारलं.

"गावाला."

"सगळ्या?"

"एंटविसल सोडून."

"आणि भुसा?"

"जेबेझ दर शनिवारी पहाटे येऊन टाकतो. कुणी विचारलं तर सांगतो, चुकून पडला."

"ओरमरॉड?"

"त्याला सगळ्यांच्या आधी कळलं. माझ्याकडे येऊन म्हणाला, वहिनी, दादांना खेळू दे, मी थांबतो."

त्याने दिलेला मटणाचा पॅटिस मी सावध राहून खाल्ला होता. मला इतकी लाज आयुष्यात वाटलेली नाही.

१५ जानेवारी, बुधवार

चष्मेवाल्याकडे गेलो. या वेळी एडाच्या डोळ्यांचं निमित्त न करता. काच डोळ्यांवर आली आणि तक्ता भिंतीतून बाहेर आला. मग एडाकडे बघितलं. तिच्या कानाजवळ केस पांढरे झालेत. कधी झाले? मी विचारलं तर म्हणाली, "तू मधल्या रेघेपर्यंत पळत होतास तेव्हा."

येताना पंपालाही बघून घेतलं. पाद्रीबाईंपेक्षा देखणा आहे.

१७ जानेवारी, शुक्रवार

एंटविसलसाहेबांना भेटून खरं काय ते सांगितलं. मी गोल सोडतोय, ओरमरॉडला उभा करा, मुलगा माझ्याहून चांगला आहे. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं. मी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर लावला, तेव्हा मात्र ते खुर्चीतून उठले.

"काढ! काढ तो! चष्मा घातलेला गरुड कुणी पाहिलाय का? हजार पोस्टरं लागलीत, एनॉक! हजार! लोक काय म्हणतील, वजडी खाऊन आंधळा झाला?"

जेबेझ माझ्यासोबत आला होता. दाराशी उभा राहून पाइप ठोकत तो म्हणाला, "साहेब, माझे गुडघे गेलेत. मैदान बघायला, रेघा मारायला, पोरांना मालिश करायला मला हाताखाली माणूस पाहिजे. एनॉकला द्या. नाहीतर मीपण चाललो, आणि मग तेलाची बाटली तुम्ही धरा."

साहेबांनी स्वतःला तेलाच्या वासात कल्पून बघितलं असावं. शेवटी असं ठरलं: नोकरी माझी. अट एकच, पोस्टरं भिंतीवर आहेत तोवर, म्हणजे ईस्टरपर्यंत, चारचौघांत चष्मा लावायचा नाही. ईस्टरनंतर नवी पोस्टरं येतील. अंग माझंच राहील, चित्रकाराला दोनदा कशाला त्रास, फक्त मुंडकं ओरमरॉडचं चिकटवायचं.

खाण टळली. एडाने हे ऐकून आधी देवाचं नाव घेतलं आणि मग एंटविसलचं. दोन्ही वेगळ्या सुरांत.

१ फेब्रुवारी, शनिवार

कपची दुसरी मॅच, आमच्या मैदानावर. सकाळी रेघा मी मारल्या, चष्मा लावून, कुणी यायच्या आत. जेबेझने वाकून बघितलं आणि म्हणाला, "सुतासारखी आलीय. भुसा टाकू का?" मी म्हटलं, गोलच्या तोंडाशी टाक, चिखलात.

दोन वाजता मैदान भरलं. चष्मा खिशात ठेवून मी गोलमागे जाऊन उभा राहिलो. तिथून गोल दिसत होता, गोलपुढे लाल काहीतरी दिसत होतं, ते ओरमरॉड असावं. पलीकडे सगळं करडं. शेजारी नॅटचा आवाज आला, "ये, एनॉक. कडेला सरका रे, त्याला जागा द्या."

वर सज्जात एंटविसलसाहेब बसले होते आणि मैदानाभोवती तीस पोस्टरं होती. मी चष्मा काढला आणि डोळ्यांवर लावला.

आधी नॅटला शोधलं. रेडा नव्हताच. माझ्या खांद्याएवढा, वाळका, कोळशाने काळवंडलेल्या हातांचा माणूस, वरचे दोन दात नाहीत. त्याच्यामागे बाकीचे. मफलर बांधलेला एक म्हातारा, गिरणीतले दोघं भाऊ, काठीवर रेललेला एक लंगडा. हा लंगडा दर हाफटाइमला मैदानाला वळसा घालून पलीकडच्या गोलमागे यायचा. नऊ वर्षं. या कुणाचंही तोंड मी कधी बघितलेलं नव्हतं. सगळे माझ्या नाकावरच्या चष्म्याकडे बघत होते, आणि एकानेही चेष्टा केली नाही. लंगड्याने टोपी काढली. मी सगळ्यांशी हात मिळवले. वेड्यासारखा, एकेकाशी दोनदा.

सज्जातून साहेबांचा आवाज आला, "टॅटरसॉल! काढ तो!"

"आमचं लक्ष मॅचकडे आहे, साहेब," नॅट भोंग्याच्या आवाजात म्हणाला.

खेळ सुरू झाला. अरे देवा, मैदान किती मोठं आहे! पलीकडचा गोलसुद्धा दिसतो. बॉल पार तिकडे असतानाही बॉलसारखाच दिसतो. त्यांचा पुढचा गडी उजवीकडून पळाला, पण त्याची नजर पलीकडे होती आणि पाय वळला होता. बॉल कुठे जाणार ते मला आधी कळलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "विल्फ, डावीकडे! डावीकडे, लेका! खालून येतोय!"

ओरमरॉडने झेप घेतली आणि बॉल छातीशी धरला. मग उठला, चिखल झटकला आणि वैतागून मागे वळून म्हणाला, "दादा, मला दिसतंय!"

मी ओशाळून तोंडावर हात ठेवला. नॅटने कोपराने ढोसलं.

"असं सगळेच म्हणतात," तो म्हणाला. "तू ओरडत राहा."